डाव्या बाहीतलं लोखंड

विजयमाला फडतरेचा देवावर जेवढा विश्वास होता, त्याहून तसूभर जास्तच लोखंडावर होता. देवाला सगळ्या जगाकडं बघायचं असतं, त्याच्याकडून एखादा माणूस नजरेआड होऊ शकतो. लोखंडाचा तुकडा मात्र आपल्यापुरता असतो, असा तिचा साधा हिशेब. बाळंतिणीच्या उशाशी विळा आणि हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात कट्यार काय उगाच देतात, असं ती विचारायची, आणि समोरच्याला उत्तर सुचायच्या आत कामाला लागायची.

हे वेड तिला माहेरचं. तिचे आजोबा मिरज स्टेशनवर टांगा हाकायचे. गाडीतून उतरलेला आजारी माणूस त्यांच्या टांग्यातून दवाखान्यात जायचा आणि बरा होऊन त्यांच्याच टांग्यातून स्टेशनवर परत यायचा. न येणाऱ्यांविषयी आजोबा बोलत नसत. टांगे बंद पडले तेव्हा चांदसाहेब नालबंदानं म्हाताऱ्या घोडीच्या पायातली शेवटची नाल काढली, भट्टीत लाल केली आणि छिन्नीनं तिचे तुकडे पाडून दिले. विजयमालाच्या आईनं, रंगूबाईनं, ते तुकडे घरातल्या लेकींना वाटले. एवढ्या माणसांना नेऊन परत आणलेलं लोखंड आहे, ते तुमच्या माणसांनाही परत आणील, म्हणाली. विजयमालाच्या वाट्याला तीन आले. एक तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असे. दुसरा तिनं लग्नानंतर लगेच, नवरा राजस्थानच्या सरहद्दीवर निघाला तेव्हा, त्याच्या पट्ट्याच्या घडीत गुपचूप शिवून टाकला होता. तिसरा पोरीसाठी राखून ठेवला होता.

नवरा उदयसिंह फौजेत होता. तो नोकरी पुरी करून, हातपाय जागच्या जागी घेऊन घरी आला, आणि त्याचं श्रेय विजयमालानं मनातल्या मनात कोणाला दिलं हे सांगायला नको. त्याला मात्र तिनं कधी सांगितलं नाही. दृष्ट काढायला मिरच्या घेतल्या तरी तो टर उडवायचा. मिरच्यांनी सरहद्द राखता आली असती तर सरकारनं तोफा कशाला घेतल्या असत्या, म्हणायचा. अशा माणसाला नालेची गोष्ट सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पेन्शन घेऊन तो कृष्णाकाठच्या आपल्या गावी आला. उसाला पाणी पाजायचं सोडलं तर दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता. मग वडूजचे एक शिक्षक, सरफराज सर, यांच्या नादानं त्यानं नकाशाचा खेळ धरला. हातात नकाशा, अंगठ्याला कंपास, आणि रानात लपवलेल्या नारिंगी-पांढऱ्या झेंड्या एकामागून एक शोधत पळायचं, असा तो खेळ. त्याला स्वतःला गुडघ्यानं पळू दिलं नाही, म्हणून त्यानं लेकीला पळवलं. अपेक्षा नववीत होती, बारीक, काटक, आणि बापासारखीच हट्टी. संध्याकाळी बाप-लेक उसाच्या बांधावरून चालायची आणि उदयसिंहचं एकच पालुपद विजयमालाला चुलीपाशी ऐकू यायचं.

"डोळा फसवतोय, मन फसवतंय. सुई फसवत न्हाई. घाबरलीस तर सुईकडं बघ आनि चाल."

त्याच बोलण्यात कधीतरी लोखंड लांब ठेवायचं, किल्ल्या, मोबाईल जवळ नकोत, असंही यायचं. विजयमालानं ते ऐकलं नव्हतं असं नाही. पण किल्ल्या वेगळ्या, मोबाईल वेगळा. नालेचा तुकडा तिच्या लेखी त्या जातीचा नव्हताच. ती राखण होती.

गणपती उठल्यावरच्या शनिवार-रविवारी साताऱ्याच्या वर, पवनचक्क्यांच्या पठारावर, मोठी स्पर्धा होती. तंबू ठोकून सगळ्या घरानं राहायचं. रानात घाणेरी आणि करवंदीची जाळी, म्हणून मुलांनी शर्यतीत पळताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा, असा नियम होता. उदयसिंहनं पोरीला नवा सदरा आणला, तो हातभर मोठा निघाला, आणि बाह्या आखूड करायला विजयमालाकडं आला. ती सुईदोरा घेऊन बसली. घडी घातली, टाके घातले, आणि डाव्या बाहीच्या घडीत, मनगटापाशी, तिसरा तुकडा ठेवून शेवटचे टाके जवळजवळ घातले. बाईमाणसाची राखण डाव्या हाताला, हे तिला आईनं शिकवलं होतं. कंपासही डाव्याच अंगठ्याला असतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती ते रोज नुसतं बघत होती.

पठारावर पोचल्यावर विजयमालाला पहिल्यांदा वाटलं की आपण लग्नाला आलोय आणि मांडव मात्र बुटका पडलाय. रंगीबेरंगी तंबू, त्यात वाकून शिरायचं आणि रांगत बाहेर यायचं. तिनं कोरडी चटणी, भाकरी आणि खर्डा एवढा आणला होता की शेजारच्या तंबूतल्या सरफराज सरांच्या बायकोनं, शाझियानं, विचारलं, ताई, महिनाभर राहणार का? शाझिया पूर्वी मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिचंही माहेर मिरज निघालं आणि दोघींचं लगेच जमलं. शाझियाची आयेशा आणि अपेक्षा एकाच गटात पळणार होत्या. सकाळच्या सरावाला दोघी अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात होत्या. अपेक्षानं सगळ्या झेंड्या बिनचूक शोधल्या आणि उदयसिंह मिशीतल्या मिशीत हसत तंबूभोवती उगाच फिरत राहिला.

दुपारी खरी शर्यत. अपेक्षानं नवा सदरा चढवला, कंपास अंगठ्याला बांधला, गळ्यात शिट्टी अडकवली. एकेकाला थोड्या थोड्या वेळानं सोडत होते. ती निघाली तेव्हा ऊन होतं. सोनकीच्या पिवळ्या फुलांतून ती पळत गेली, आणि विजयमाला पदर सावरत हात हलवत राहिली. डावी बाही तिला लांबूनही दिसत होती आणि बघून बरं वाटत होतं.

मग दरीतून ढग वर आले. पठारावर ते असेच येतात, आधी एखादा वाट चुकल्यासारखा, मग सगळे. पवनचक्क्यांची पाती नाहीशी झाली, मग खांब, मग समोरची करवंदीची जाळी. राहिली ती फक्त घरघर.

मुलं एकेक करून धुक्यातून बाहेर येऊ लागली. कोणाचा गुडघा फुटलेला, कोणाची एक झेंडी राहिलेली. अपेक्षाच्या मागून सुटलेली आयेशासुद्धा आली. तिला विचारलं तर म्हणाली, चौथ्या झेंडीपाशी अपेक्षा पुढं दिसली होती, नंतर नाही. उदयसिंह म्हणाला, येईल, सुईवर चालणारी पोरगी आहे. पण तो बसला नाही.

शेवटच्या ओळीपाशी पालक जमले होते. आपापलं पोर परत आलेले पालक दुसऱ्याच्या काळजीत फार मोकळेपणानं बोलतात. एका गृहस्थानं कंपास चुकतो का हो, असं विचारलं, आणि सरफराज सर वातावरण हलकं करायला म्हणून सांगू लागले. मागं एका सरावात एक मुलगा वडिलांच्या स्कूटरची किल्ली मुठीत धरून पळाला आणि एकाच देवळाला प्रदक्षिणा घालत राहिला. देवाला वाटलं असेल, एवढा भक्त कुठला. सगळे हसले.

विजयमाला हसली नाही.  ती शाझियाजवळ सरकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, लोखंड केवढं असलं तर सुई हलते?

"बोटाच्या पेराएवढं असलं तरी पुरतं, ताई. जवळ पाहिजे फक्त," शाझिया म्हणाली, आणि चहाचा कप पुढं करून थांबली. "का?"

"काय न्हाई," विजयमाला म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं. आता तिला सगळीकडं तीच बाही दिसायला लागली. परत आलेल्या प्रत्येक पोराच्या डाव्या अंगठ्याकडं ती बघत होती, आणि अंगठा ते मनगट, मनगट ते बाहीची कड, हे अंतर डोळ्यांनी मोजत होती. चार बोटं. मूठ वळली तर तीन.

शर्यत बंद झाल्याची शिट्टी वाजली तरी अपेक्षा आली नव्हती. सरफराज सरांनी नकाशा चटईवर पसरला. चौथी झेंडी जांभळीच्या झाडापाशी, पाचवी दगडांच्या राशीपाशी, मधे उघडा माळ. दमलेलं माणूस नकळत उताराकडं झुकतं, आणि उतार डावीकडं, दरीतल्या वस्तीकडं आहे, म्हणून ती तिकडंच भरकटली असणार, असं सर म्हणाले. उदयसिंहलाही ते पटलं. वस्तीवर फोन केला, दोऱ्या घेतल्या, आणि माणसं डावीकडं निघायला लागली.

विजयमालानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. सांगावं तर हा माणूस सगळ्यांसमोर काय म्हणेल. मिरच्यांवरून टोमणे मारणारा, त्याच्या सुईत मी लोखंड घातलं म्हटल्यावर जन्मभर सोडणार नाही. आणि कदाचित काहीच झालं नसेल. पोरगी आत्ता येईल, समोरून, हसत, आणि मग उगाच स्वतःच्या हातानं स्वतःचा पाय तोडून घेतल्यासारखं होईल. नालेनं तिला परत आणायचंच आहे ना. असं ती स्वतःला समजावत होती, आणि तेवढ्यात पुढं गेलेल्या माणसांच्या पाठी धुक्यात विरल्या. नवऱ्याची लंगडती पाठ सगळ्यांत शेवटी विरली.

बाईमाणसाचं भय कधी कधी असं असतं की पोरीच्या जिवापेक्षा नवऱ्याचा शब्द जड वाटतो. ते क्षणभरच असतं, पण असतं. विजयमालाला ते नंतर आयुष्यभर टोचणार होतं.

ती उठली आणि पळाली. पायातली चप्पल कुठं गेली ते तिला कळलं नाही.

"आवं, थांबा. तिकडं न्हाई. थांबा."

उदयसिंह वळला. तिनं पर्स उघडली, आतल्या कप्प्यातला आपला तुकडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. असाच एक अपेक्षाच्या डाव्या बाहीत शिवलाय, म्हणाली. बाकी काही सांगायची गरज पडली नाही.

सरफराज सरांनी स्वतःचा कंपास डाव्या अंगठ्याला बांधला. उदयसिंहनं तुकडा त्यांच्या मनगटाशी धरला, बाहीची कड येते तिथं. सुई थरथरली, सरकली आणि चुकीच्या जागी जाऊन शहाण्यासारखी शांत उभी राहिली. तुकडा काढला, सुई परत आली. पुन्हा धरला, पुन्हा सरकली. सरांनी चौथ्या झेंडीपासून पाचवीकडं तोंड केल्यासारखं उभं राहून बघितलं, आणि ती चुकीची सुई जिकडं नेत होती तिकडं नकाशावर बोट फिरवलं. बोट उजवीकडं गेलं.

उदयसिंहनं नकाशावरची ती जागा ओळखली.

"खाण," तो म्हणाला.

पवनचक्क्यांचे रस्ते झाले तेव्हापासून तिथं जांभ्या दगडाची मोठी खाण होती. काम बंद पडलेलं, पावसाचं पाणी भरलेलं. स्पर्धेच्या बाजूनं संयोजकांनी लाल फीत बांधली होती. दुसऱ्या बाजूनं कोणी यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिथं काही नव्हतं. आणि चुकीची सुई नेमकी त्या दुसऱ्या बाजूनं आणत होती.

उदयसिंह बायकोला एक शब्द बोलला नाही. शिवी दिली असती तर तिला सोसलं असतं. तो चालायला लागला, सर दोरी घेऊन त्याच्या मागं, आणि विजयमाला अनवाणी दोघांच्या मागं. तिला कोणी येऊ नको म्हटलं नाही आणि ये म्हटलं नाही. ओलं गवत, मधेच टोकदार जांभा, वर न दिसणाऱ्या पात्यांची घरघर. उदयसिंह शिट्टी वाजवायचा, थांबायचा, ऐकायचा. उत्तर येत नव्हतं. विजयमाला चालता चालता म्हणत होती, मला ने, तिला नको, मला ने. कोणाला म्हणत होती कोण जाणे. लोखंडाला नक्कीच नाही.

खाणीची कड एकदम पायाशी आली. सरांनी हात आडवा धरून दोघांना थोपवलं. कडेचं गवत एके ठिकाणी उपटलं गेलं होतं आणि ताजी तांबडी माती खाली घसरलेली दिसत होती. धुकं थोडं हललं. खाली पाणी होतं, काळपट, आणि पाण्यावर प्लास्टिकच्या पाकिटातला नकाशा तरंगत होता.

 उदयसिंह फौजेत काय काय बघून आलेला माणूस, पण तो नकाशा त्याला बघवेना. शिट्टी ओठाशी नेली तर फुंकर निघेना.

विजयमालानं हाक मारली. शेतावरून घरी बोलवताना मारतात तशी, लांबवून, नुसतं नाव. हाक खाणीत घुमून परत आली. तिनं पुन्हा मारली. घरघर तेवढी चालू राहिली. तिसऱ्यांदा हाक मारताना तिचा आवाज फाटला, आणि त्या फाटलेल्या आवाजाच्या शेपटाशी खालून उत्तर आलं.

"आई, पुढं येऊ नको. कड फुटतीया. पप्पांना पण येऊ देऊ नको."

खाणीत दगड पायऱ्यापायऱ्यांनी काढलेला असतो. अपेक्षा घसरून अशाच एका रुंद पायरीवर पडली होती, पाण्याच्या वर, कडेच्या पोटाखाली, म्हणून वरून दिसत नव्हती. गळ्यातली शिट्टी दोरी तुटून पाण्यात गेली होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता आणि चक्क्यांच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नव्हतं. पलीकडच्या बाजूला गाड्या उतरायची जुनी वाट होती. उदयसिंह आणि सर त्या वाटेनं खाली उतरले. विजयमाला कडेपासून लांब, गवतात गुडघे टेकून, खालचे आवाज ऐकत बसली. दोरी घसरल्याचा आवाज, सरांचं "सावकाश, सावकाश", मग बराच वेळ काहीच नाही. तो वेळ तिला सगळ्यांत जड गेला.

पोरगी वर आली तेव्हा गुडघे आणि तळहात सोललेले होते, केसांत तांबडी माती. रडली नव्हती. बापाकडं बघून बोलायला लागली, आणि बोलायला लागल्यावर मात्र हुंदके यायला लागले.

"पप्पा, मी चुकले न्हाई. मी सुईवरच चालले. चक्क्यांचा आवाज डाव्या बाजूनं यायला पायजे होता, तो पाठीमागनं येत होता. मला कळत होतं काहीतरी चुकतंय. पण तुमीच म्हणता ना, सुई फसवत न्हाई."

उदयसिंहनं तोंड फिरवलं. आता बोलायची पाळी कोणाची आहे हे विजयमालाला कळत होतं.

"सुईला म्या फसवलं, बाळा," ती म्हणाली. "तुझ्या डाव्या बाहीत नालेचा तुकडा हाय. म्या शिवलाय."

अपेक्षानं उजव्या हातानं डाव्या बाहीची घडी चाचपली. बोटांना तुकडा लागला तशी ती थांबली. आईकडं तिनं जे बघितलं, ते विजयमालाला खाणीतल्या पाण्यापेक्षा खोल वाटलं.  परतताना ती बापाच्या खांद्यावर हात टाकून चालत राहिली, आणि आईनं धरायला हात पुढं केला तेव्हा तो तिनं झटकला नाही, पण धरलाही नाही.

शाझियानं जखमा धुतल्या, औषध लावलं, हाडं चाचपून बघितली, सगळं शाबूत आहे म्हणाली. तंबूतंबूंतून माणसं विचारपूस करून गेली. एक आजीबाई म्हणाल्या, नालेनंच वाचवलं बघा पोरीला, नाहीतर सरळ पाण्यातच. विजयमालाच्या जिवाचा ते ऐकून संताप झाला. हेच वाक्य कालपर्यंत तिनं स्वतः म्हटलं असतं, आणि छाती पुढं काढून म्हटलं असतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे निदान तिनं स्वतःपाशी तरी कबूल केलं होतं.

दिवे लागायच्या वेळी अपेक्षा शाझियाच्या तंबूत आयेशाजवळ जाऊन पडली. नवराबायको आपल्या तंबूबाहेर बसली. भाकरी तशीच होती. आता तो बोलेल, आणि जे बोलेल ते आपण खाली मान घालून ऐकायचं, असं विजयमालानं ठरवलं होतं. उदयसिंहनं आपली जुनी फौजी पिशवी ओढली, आतल्या खिशात बोटं घातली आणि काहीतरी काढून तिच्यापुढं चटईवर ठेवलं. नालेचा तुकडा होता. तिच्या पर्सच्या तुकड्याचा सख्खा भाऊ.

"राजस्थानात गावला मला," तो म्हणाला. "पट्ट्याच्या घडीत. सरावाला आमची अख्खी तुकडी दुसऱ्याच टेकडीवर गेली ती ह्याच्यापायी. उस्तादानं लय शिव्या घातल्या. म्या पट्टा उसवला, तर हे."

विजयमाला बघतच राहिली. म्हणजे एवढी वर्षं पट्ट्यात तो नव्हताच. त्याला कळलं होतं आणि तो गप्प होता.

"मग तवाच का सांगितलं न्हाईसा?"

"तुला वाईट वाटलं असतं. तू रोज कुनाच्या भरवशावर झोपत होतीस ते मला कळलं होतं की. फेकवंना. पिशवीत टाकला, कंपासापासनं लांब."

कोणी म्हणेल, किती माया ही. विजयमालालाही आधी तेच वाटलं, आणि मागोमाग अंगाची आग झाली. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस गप्प बसला. त्यानं हसू नये म्हणून आपण गप्प बसलो. आणि दोघांच्या गप्प बसण्याचं ओझं पोरीच्या मनगटावर पडलं.

"वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं," ती म्हणाली. "रडले असते दोन दिस. पोरगी खाणीत तर गेली नसती."

"व्हय," उदयसिंह म्हणाला. "मला ठाऊक होतं तू शिवतीस ते. सदरा म्याच तुझ्या हातात दिला. आनि बाही चाचपायचं माझ्या ध्यानात आलं न्हाई. तुझी चूक आज झाली, माझी तवापासनं चाललीया."

त्या संध्याकाळी दोघं एवढंच बोलली. पण इतक्या वर्षांच्या संसारात ती एवढं खरं कधी बोलली नव्हती.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पवनचक्क्या सगळ्या दिसत होत्या, जणू काल कुठं गेल्याच नव्हत्या. विजयमाला चहा ठेवत होती तेव्हा अपेक्षा समोर येऊन उभी राहिली. हातात सदरा होता. दोन्ही बाह्यांच्या घड्या तिनं ब्लेडनं उसवल्या होत्या, दोरे लोंबत होते. दुसऱ्या हातात तुकडा. तो तिनं आईच्या तळहातावर ठेवला.

"मी आज पळणार हाय," ती म्हणाली. "बाह्या लांब होतात. परत शिवून दे. माझ्यासमोर शिव."

नको म्हणायला विजयमालाचं तोंड उघडलं होतं. गुडघे सोललेत, सगळं अंग ठणकत असेल, काल मरता मरता वाचलीस, असं सगळं जिभेवर आलं होतं. तिनं उदयसिंहकडं बघितलं. त्यालाही तेच म्हणायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. पण तोही बोलला नाही, आणि या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं.

तिनं सुईत दोरा ओवला. दोनदा ओवणं चुकलं. घडी घातली, ती पोरीपुढं धरून रिकामी आहे हे दाखवलं, आणि टाके घालायला लागली. अपेक्षा उकिडवी बसून प्रत्येक टाका बघत होती. पोटची पोर आपल्या हाताकडं असं संशयानं बघते, यासारखी शिक्षा नाही. पण विजयमालानं ती पुरी भोगली, एकही टाका घाईनं घातला नाही. दोरा तोडल्यावर अपेक्षानं दोन्ही घड्या बोटांच्या चिमटीत धरून शेवटपर्यंत सरकवत नेल्या. मग सदरा अंगात घातला.

"भाकरी बांधून ठेव," ती म्हणाली. "आल्यावर भूक लागंल."

सुटायच्या ओळीपाशी सगळे पालक आपापल्या पोरांजवळ उभे होते. कोणी पाठीवर थाप मारत होतं, कोणी बुटाची नाडी बांधत होतं. उदयसिंहनं पोरीला काही तरी सांगितलं. नंतर कळलं, सुईबरोबर कानावरही विश्वास ठेव, एवढंच म्हणाला होता. विजयमाला मात्र तंबूंपाशीच थांबली होती. तिच्या मुठीत तिन्ही तुकडे होते. ते कुठं ठेवायचे हे तिला समजत नव्हतं, आणि ते घेऊन पोरीच्या जवळ जायची तिची छाती होत नव्हती. लेकीला निरोप द्यायला आई लांब उभी राहिली ती काळजीपोटी, असं कोणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं.

अपेक्षानं वळून गर्दीत आईला शोधलं. सापडली तेव्हा ती लांब का उभी आहे हे तिला बहुधा समजलं. तिनं डावा हात वर केला, बाही सरळ करून, आणि तसाच क्षणभर धरला. मग नाव पुकारलं गेलं आणि ती पिवळ्या फुलांतून निघाली. या वेळी तिच्याबरोबर आईचं काही नव्हतं.

ती परत येईपर्यंत विजयमालानं मूठ उघडली नाही.